आधी वैमानिक, मग फॅशन?

सुभेदारसाहेब, नमस्कार.

पत्र मिळालं. मुलगा बारावी सायन्सला बऱ्या मार्कांनी पास, एनडीएची लेखी निघाली, पण एसएसबीत, म्हणजे लष्करी अधिकारी निवडीच्या मुलाखतींत, पहिल्याच दिवशी स्क्रीन आउट, म्हणजे पहिल्या चाळणीतच बाहेर. आता तुम्ही त्याला पुन्हा क्लासला घातलंय आणि त्याला जायचंय निफ्टला, फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेत. मार्कांची मला काळजी नाही. काळजी वाटली ती तुमच्या एका वाक्याची: ‘शिलाई मशीनची बॉबिन-केस काढून माझ्या कपाटात ठेवली आहे.’ म्हणजे खालच्या दोऱ्याची डबी; ती नसली की मशीन शिवत नाही.

रागाच्या भरात ओरडला असतात तर दोन दिवसांत मिटलं असतं. इथे मशीन रोज डोळ्यांसमोर आहे आणि चालत नाही. शिवाय ती मशीन वहिनींची. त्या गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवतात, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे त्यांचंही काम बंद पडलं. त्याबद्दल तीन पानांत चकार शब्द नाही. बॉबिन-केस आजच्या आज परत करा. बाकीचं नंतर बोलू.

तुम्ही एमिलिओ पुच्चीचा दाखला दिलाय: दुसऱ्या महायुद्धातला इटलीचा वैमानिक, पुढे फॅशनचा मोठा व्यावसायिक. ‘आधी वर्दी, मग शौक.’ माणूस बरोबर निवडलात, क्रम उलटा लावलात. अमेरिकेत ओरेगॉनच्या रीड कॉलेजात शिकताना त्याने कॉलेजच्या स्कीइंग संघाचे कपडे डिझाइन केले. १९३७ मध्ये तिथली पदवी घेतली आणि १९३८ मध्ये तो हवाई दलात गेला. कपडे आधीच होते. युद्धात त्याने टॉर्पेडो टाकणारी विमानं चालवली. १९४४ मध्ये मुसोलिनीची मुलगी एडा हिला स्वित्झर्लंडला पळून जायला मदत केली म्हणून गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याचे हाल केले. याला करिअरचा पहिला टप्पा म्हणू नका. युद्धानंतर स्कीइंगसाठी स्वतः बनवलेल्या कपड्यांचे फोटो ‘हार्पर्स बझार’ या फॅशनच्या मासिकात छापून आले, मग इटलीतल्या काप्री बेटावर दुकान झालं. आणि हो, गडी फ्लॉरेन्सच्या सरदार घराण्यातला, राहायला पिढीजात वाडा. आपल्याकडे कर्जाचे हप्ते असतात.

त्याचं नाव झालं ते कापडामुळे. चुरगळणार नाही, गुंडाळून बॅगेत टाकता येईल असं हलकं सिल्क जर्सी त्याने वापरलं, नक्षीतच ‘एमिलिओ’ अशी सही छापली. १९६५ मध्ये ब्रॅनिफ या विमान कंपनीच्या हवाई सुंदऱ्यांचे गणवेश केले. हा फावल्या वेळचा शौक नव्हे. आणि तुमचं ते ‘मग’ येणार कधी? कमिशन मिळालं, म्हणजे अधिकारी झाला, की वर्षानुवर्षं नोकरीत बांधलेला. इकडे निफ्टच्या बी.डिझाइनला वयाची अट चोविसाच्या आतली. शिवाय स्क्रीनिंग पार केलं तरी बापाकडून उसनी आणलेली इच्छा एसएसबीत पाच दिवस टिकत नाही.

निफ्टला लेखी आणि सर्जनशीलतेची परीक्षा, पुढे सिच्युएशन टेस्ट, म्हणजे दिलेल्या साहित्यातून हाताने काहीतरी बनवून दाखवायचं. गणित असलेल्यांना बी.एफटेक, म्हणजे फॅशन टेक्नॉलॉजीची पदवीही आहे. क्लास हवाच असेल तर याचा लावा.

मुलालाही माझी एक अट सांगा. फॉर्म भरण्याआधी महिनाभर साताऱ्यातल्या एखाद्या चांगल्या टेलरकडे बसायचं. काजं करायची, बटणं लावायची, चुकलेलं उसवून पुन्हा शिवायचं. त्यातच कंटाळला तर निफ्टचा विचारही सोडायला मीच त्याला सांगेन.