आधी पेट्रोल, मग पॉवर: मसल कारवाल्यांचे प्रश्न

प्रश्न (अंधेरी): नमस्कार दादा, माझ्याकडे २०१७ची मस्टँग जीटी आहे, ५ लिटर वी८, ऑटोमॅटिक. सुपरचार्जर बसवायचाय, टार्गेट क्रँकला (म्हणजे चाकांवर नाही, इंजिनावर मोजलेले) ६५० हॉर्सपॉवर. गॅरेजवाला म्हणतो आधी अख्खी ड्राइव्हट्रेन बदल, ४.१०चं क्राऊन-पिनियन (मागच्या एक्सलचे गिअर) टाक, इंजेक्टर आणि फ्युएल पंपाचं टेन्शन नको, किटमध्ये येतातच. एकदम सगळं करायचं बजेट नाहीये. गाडी रविवारी सकाळी कोस्टल रोडला, अधूनमधून लोणावळा, आणि जमलं तर वर्षातून एखादा ड्रॅग इव्हेंट. सुरुवात कुठून करू?

उत्तर: गॅरेजवाल्याने क्रम उलटा लावलाय रे. एक्सल तुटला तर गाडी टो करून घरी येते, शिव्या घालतोस, नवीन एक्सल मागवतोस, विषय संपला. पण फुल थ्रॉटलला पेट्रोल कमी पडलं तर मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), नॉकिंग म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोकठोक सुरू होते आणि पिस्टनच्या रिंग लँड, म्हणजे रिंगांमधल्या कडा, तुटतात, ते बिल पाहून माणूस गाडीच विकायला काढतो. त्यात या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच ११:१ आहे, वरून बूस्ट दिला की चुकीला जागा उरतच नाही. म्हणून पहिले पैसे टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या रस्त्यावर.

हिशोब वहीवर करता येतो, करूनच बघ. सुपरचार्ज्ड इंजिन एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.६ पौंड पेट्रोल पितं. ६५० गुणिले ०.६ म्हणजे ३९० पौंड, आठ इंजेक्टरांत वाटले की ४९च्या आसपास, आणि इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवायचा नसतो, ८० टक्क्यांवर थांबायचं, म्हणून भागिले ०.८, आले ६१ पौंड, म्हणजे मिनिटाला साधारण ६४० सीसी. हे झालं निव्वळ पेट्रोलचं. आपल्या पेट्रोल पंपावर मिळतं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, ई२०ला साडेतेराच्या आसपास पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेला साधारण ९ टक्के जास्त इंधन ओतावं लागतं, आणि तुझे ६४० सीसी ७०० वर जाऊन बसतात. किटमधले इंजेक्टर 'येतातच' हे खरं, पण ते कुठल्या पेट्रोलचा हिशोब करून येतात ते विचार. मी ८० पौंडवाले घेतले असते, थोडे मोठे चालतील, कारण आजचे चांगले इंजेक्टर आयडलला नीट वागतात. अट एकच, त्यांचा पूर्ण डेटा ट्यूनरला मिळायला हवा, नाहीतर सिग्नलला गाडी हुंदके देत उभी राहणार.

गाडीतल्या फ्युएल पंपाचं तसंच. ते ३९० पौंड म्हणजे १७७ किलो, लिटरमध्ये २३५-२४० तासाला, ई२० धरून २६०, वर वीस-पंचवीस टक्के मार्जिन धरलं की ३२०च्या जवळ. मग ३४० लिटरचा पंप घेऊन मोकळा होशील, आणि इथेच लोक फसतात. बॉक्सवरचा आकडा साधारण ४० पीएसआय प्रेशर आणि १३.५ व्होल्टचा असतो. रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीत) ५५ पीएसआय, त्यावर ९ पीएसआय बूस्ट, कारण रेग्युलेटर बूस्टला जोडला की जितका बूस्ट तितकं प्रेशर वाढवावंच लागतं. तर ६४ पीएसआयला तोच पंप किती देतो हे कंपनीच्या ग्राफवर बघायचं, बॉक्सवर नाही. आणि व्होल्टेज! मूळ वायर बारीक असते, अल्टरनेटरला १४ आणि डिकीत पंपाच्या टोकाला जेमतेम १२ असं सर्रास दिसतं, आणि व्होल्ट पडले की फ्लो पडतोच. जाड वायर, वेगळा रिले, चांगली अर्थिंग, हे काम पंपाच्या किमतीपुढे काहीच नाही पण त्याने जेवढा फरक पडतो तेवढा कधीकधी नवीन पंपानेही पडत नाही. मीटर लावून लोडवर मोज, गॅरेजवाल्याच्या 'हो हो बरोबर आहे'वर जाऊ नकोस. मी असतो तर ४५० लिटरचा सिंगल पंप आणि नवीन वायरिंग, बास, ड्युअल पंपाच्या भानगडीत ६५०ला पडायची गरज नाही.

आता ट्यून, म्हणजे ईसीयूमधली (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली) सेटिंग. अमेरिकन किटसोबत '९१' किंवा '९३' ऑक्टेनची (ऑक्टेन म्हणजे नॉकिंग रोखायची पेट्रोलची ताकद) फाइल येते आणि आपली पोरं ९१ वाचून खूश होतात. त्यांचा आकडा रॉन आणि मॉन या दोन मोजमापांची सरासरी असतो, आपला नुसता रॉन. त्यांचं ९१ म्हणजे आपलं ९५-९६, त्यांचं ९३ म्हणजे आपलं ९८ च्या घरात. आपलं जुनं साधं पेट्रोल ९१ रॉनचं होतं, ई२० आता ९५चं आहे. म्हणजे ९३ची फाइल साध्या पेट्रोलवर चालवलीस तर नॉकिंगला स्वतःहून आमंत्रण. एक्सपी१००सारखं १०० ऑक्टेनचं मिळतं, खिशाला कात्री लागते पण तुझ्या रविवारच्या गाडीला परवडेल. फक्त मग ट्यूनही त्याच पेट्रोलवर कर आणि नेहमी तेच भर, किंवा फ्लेक्स फ्युएल सेन्सर बसव म्हणजे इथेनॉल किती आहे ते गाडीला आपोआप कळेल. क्रूझिंगला ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून सांभाळून घेतो, पण फुल थ्रॉटलला तो ट्यूनमधल्या आकड्यांवर जातो, तिथे चूक भरून निघत नाही. आणि वाइडबँड सेन्सरच्या मीटरवर बघताना लॅम्डा बघ (१ म्हणजे हवा-इंधन नेमकं, त्याखाली इंधन जास्त), बूस्टमध्ये ०.८०च्या आसपास, एअर-फ्युएलचे आकडे ई२०वर गोंधळ घालतात.

ड्राइव्हट्रेनकडे येतो. ४.१० विसर. तुझा सहा गिअरचा गिअरबॉक्स ६आर८० आहे, त्याचा पहिला गिअरच ४.१७ आहे. समज इंजिनाने ८०० न्यूटन मीटर दिले, गुणिले ४.१७, गुणिले मागचा रेशो ३.१५ धरला तरी एक्सलवर साडेदहा हजार न्यूटन मीटर, टॉर्क कन्व्हर्टरचा (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) गुणाकार वेगळाच. याच्या पुढे रेशो वाढवून काय करणारेस, पहिल्या गिअरमध्ये नुसता धूर. (मॅन्युअलवाल्याचं गणित वेगळं, त्यांचा पहिला गिअर ३.६६चा असतो, त्यांना ३.७३ शोभतं. गॅरेजवाल्याने बहुतेक तिथूनच उचललंय.) गिअरबॉक्स स्वतः दमदार आहे, त्याला मारते ती गरमी. अंधेरीतून निघून वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला तासभर रांगताना ऑइल किती तापतं ते बघ, मोठा ट्रान्समिशन कूलर आणि टेम्परेचर गेज लाव. हाय स्टॉल (जास्त आरपीएमला पकडणारा) कन्व्हर्टर नको, तो ट्रॅफिकमध्ये आणखी तापवतो.

मागे तुझ्या गाडीला इंडिपेंडंट सस्पेन्शन आणि ८.८ इंचाचं डिफरन्शिअल आहे, हाउजिंग मजबूत आहे, आधी जातात ते हाफ शाफ्ट (डिफरन्शिअलपासून चाकापर्यंतचे दांडे). पण कधी जातात? टायरने पकड धरली की. साधा रोड टायर हा फ्यूजसारखा आहे, तो घसरतो तोवर मागचं सगळं वाचतं. म्हणून हाफ शाफ्टचे पैसे त्या दिवशी खर्च कर ज्या दिवशी ड्रॅग रेडियल (ड्रॅगचे जास्त पकडीचे टायर) घेशील, आधी नाही. आणि ते घेशील तेव्हा मागच्या क्रेडलचे (सस्पेन्शन धरणाऱ्या सांगाड्याचे) बुश पण कडक टाक, नाहीतर व्हील हॉपने, म्हणजे चाकं उड्या मारल्याने, नवे शाफ्टही जातील. प्रॉपेलर शाफ्ट मधल्या बेअरिंगवाला दोन तुकड्यांचा आहे, तो शेवटी. सिंगल पीस घेतलास तर सेफ्टी लूप (शाफ्ट तुटला तर खाली पडू न देणारं कडं) लावल्याशिवाय ड्रॅगला जाऊ नकोस.

अजून एक, जे कुणी सांगत नाही: या इंजिनाच्या ऑइल पंपाचे गिअर पावडर मेटलचे असतात, बूस्ट आणि रेव्ह लिमिटर एकत्र आले की फुटतात. सुपरचार्जरसाठी पुढचा भाग उघडतोच आहेस तर बिलेट (अखंड स्टीलमधून कोरलेले) गिअर टाकूनच बंद कर.

प्रश्न (गिरगाव): वडिलांची १९६५ची इम्पाला आहे. मधल्या काळात डिझेल इंजिन टाकलं होतं, आता मुलाने हौसेने ३५० स्मॉल ब्लॉक बसवलाय, फोर बॅरल कार्ब्युरेटर, तीन गिअरचं टर्बो ३५०. दोन त्रास आहेत. उन्हाळ्यात लालबागच्या ट्रॅफिकमध्ये बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. आणि एक्स्प्रेसवेला शंभरला इंजिन ओरडतं. मुलगा म्हणतो मोठा कार्ब्युरेटर आणि हाय प्रेशर पंप लावू.

उत्तर: काका, आधी सलाम, डिझेल काढून परत वी८ घालणारं घर विरळाच. शिवडीत १९२८पासून जनरल मोटर्सचा कारखाना गाड्या जोडत होता, त्यामुळे या शहराचं शेव्हरोलेशी नातं जुनं आहे. पण मुलाला थांबवा.

बंद पडण्याचं कारण व्हेपर लॉक आहे. मेकॅनिकल पंप इंजिनाला चिकटून बसलेला, तो पुढून पेट्रोल ओढतो, ओढताना लाइनमध्ये प्रेशर कमी आणि गरमी जास्त, पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ढकलत बसतो. त्यात आजचं इथेनॉलवालं पेट्रोल तापलं की आणखी लवकर वाफाळतं. हाय प्रेशर पंप लावलात तर कार्ब्युरेटरची नीडल सीट धरणार नाही, पेट्रोल वरून वाहील आणि गरम इंजिनावर पडेल, हे धोक्याचं आहे. कार्ब्युरेटरला ६ पीएसआय पुरतात. टाकीजवळ लो प्रेशर इलेक्ट्रिक पंप लावा जो ढकलेल, पुढे रेग्युलेटर, तिथून टाकीत परत जाणारी रिटर्न लाइन म्हणजे पेट्रोल फिरतं राहील, कार्ब्युरेटरखाली फिनॉलिक स्पेसर (गरमी अडवणारी चकती), आणि लाइन एक्झॉस्टपासून लांब. पंपाचा करंट ऑइल प्रेशर स्विचमधून घ्या, इंजिन बंद पडलं की पंपही बंद. सगळे रबरी पाइप इथेनॉल चालणारे घ्या, साधे आतून सुजतात नि भेगाळतात. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नका, इथेनॉल पाणी धरतं आणि जुनी लोखंडी टाकी आतून गंजते.

मोठा कार्ब्युरेटर तर नकोच. ३५० क्युबिक इंच, ६००० आरपीएम, भागिले ३४५६, त्याचे ८५ टक्के, उत्तर येतं ५१६ सीएफएम, म्हणजे मिनिटाला इतके घनफूट हवा. ६००चा भरपूर झाला. ई२०साठी जेट थोडी मोठी लागतील, प्लगचा रंग बघत बघत करा.

ओरडण्याचं कारण मागे आहे. टर्बो ३५०चा तिसरा गिअर १:१, मागे कुणीतरी ४.१० टाकलेलं दिसतंय, २७ इंची टायर धरला तर शंभरला ३१००च्या वर आरपीएम. ३.०८ टाकलंत तर तेच २४००च्या आत येतं. पिकअप थोडा जाईल, पण इम्पालातून तुम्ही काय रेस लावणार. मुलगा ७००आर४ हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सुचवेल, ओव्हरड्राइव्ह ०.७०चा छान आहे, पण त्याची थ्रॉटल केबल जराशी चुकली की क्लच जळतात, आणि ती नीट लावणारा हात गावात मिळाल्याशिवाय मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

प्रश्न (मुलुंड): चुलतभाऊ मिशिगनला असतो, त्याच्या कमॅरोला ७०० हॉर्सपॉवर करून ई८५ वर (बहुतांश इथेनॉल असलेल्या इंधनावर) चालवायची म्हणतो. इंजेक्टर केवढे?

उत्तर: वरचाच हिशोब, फक्त ई८५ला चाळीस टक्के जास्त धर, म्हणजे ९२ पौंड, हजार सीसीचे घ्यायला सांग. पंपही त्याच प्रमाणात, लाइन पीटीएफईची (टेफ्लॉनची). आणि तिथल्या ई८५मध्ये इथेनॉल ५१ ते ८३ टक्के काहीही असू शकतं, थंडीत कमी, म्हणून फ्लेक्स सेन्सर हवाच.

प्रश्न (कल्याण): हे सगळं कायद्यात बसतं का?

उत्तर: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायचा नाही, आणि कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रस्त्यावर सुपरचार्जर घेऊन फिरताना हे डोक्यात ठेवायचं. इन्शुरन्सवाल्याला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी बरोबर बाहेर येतो.

प्रश्न (दादर): ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवर '३० पॉइंट' लिहिलंय, म्हणजे ९५चं १२५ होतं का?

उत्तर: नाही हो. त्यांच्या भाषेत १० पॉइंट म्हणजे एक ऑक्टेन. ९५चं ९८ होईल, तेही बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच घातलं तर.