हॅश केलं म्हणजे ओळख पुसली असं नाही

प्रश्न : आमच्या ऑनलाइन दुकानाच्या जाहिराती सांभाळणारी एजन्सी म्हणते, ग्राहकांचे ईमेल हॅश करून (म्हणजे सांकेतिक ओळीत बदलून) गूगलला पाठवले की कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीमुळे झालेल्या विक्रीच्या नोंदी, जास्त दिसतील. विक्री तर तेवढीच आहे. मग जास्त दिसणार कुठून?

विक्री वाढत नाही, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. वाढते ती तिची नोंद. ग्राहक मोबाइलवर जाहिरात बघून क्लिक करतो आणि रात्री लॅपटॉपवर ऑर्डर देतो. क्लिकची खूण ठेवणारी कुकी (ब्राउझरमधली छोटी नोंद) राहिली मोबाइलमध्ये, त्यामुळे ही ऑर्डर जाहिरातीच्या खात्यावर चढतच नाही. त्यात अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकी (म्हणजे त्या साइटऐवजी दुसऱ्याच कंपनीने ठेवलेल्या) सरसकट अडवल्या आणि एप्रिल २०२१ मध्ये आयफोनची आयओएस १४.५ ही प्रणाली आल्यापासून अ‍ॅपना माग काढण्याआधी परवानगी मागावी लागते. नोंदींना गळती लागली ती अशी.

ती बुजवायला ईमेल कामी येतो. ऑर्डर देताना ग्राहकाने भरलेल्या ईमेलचं तुमच्या पानावरच एसएचए-२५६ या पद्धतीने ६४ अक्षर-अंकांच्या ओळीत रूपांतर होतं, हाच हॅश, आणि ती ओळ गूगलकडे जाते. आपल्या वापरकर्त्यांच्या ईमेलच्या अशाच ओळी गूगलकडे असतात. दोन ओळी जुळल्या आणि त्या माणसाने आधी जाहिरातीवर क्लिक केलेलं असलं, की विक्री त्या जाहिरातीच्या नावे लागते. फेसबुकची मालक कंपनी मेटा, तिचं तत्त्वही हेच. फायदा खरा आहे, कारण जाहिरातीच्या जागेसाठी बोली लावणारी स्वयंचलित यंत्रणा याच नोंदींवरून शिकते. नोंदी अपुऱ्या असतील तर पैसा चुकीच्या जाहिरातीवर जातो.

प्रश्न : हॅश उलटा फिरवता येत नाही असं वाचलं. मग ग्राहकाची संमती घ्यायची गरजच काय? माहिती निनावीच झाली ना?

नाही झाली. हा गैरसमज मला सगळ्यात जास्त खुपतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गणिताच्या अंगाने हॅश उलटा फिरत नाही, हे खरं. पण तो उलटा फिरवायची गरजच पडत नाही. दहा अंकी फोन नंबर घ्या. शक्यता फार तर १,००० कोटी. आजचं एखादं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काही अब्ज हॅश काढतं. म्हणजे सगळे नंबर हॅश करून यादी बनवायची आणि तुमची ओळ त्यात शोधायची, एवढंच. चहा गार व्हायच्या आत काम होतं. ईमेलच्या बाबतीत तर कुठून कुठून फुटलेल्या याद्या आयत्याच मिळतात.

पासवर्ड साठवताना असा हल्ला टाळायला प्रत्येकात वेगळी यादृच्छिक भर घालतात, तिला सॉल्ट म्हणतात. इथे ती घालता येत नाही. घातली तर तुमची ओळ आणि गूगलची ओळ जुळणारच नाही. म्हणजे ही सगळी पद्धत चालते तीच मुळी समोरच्याला माणूस ओळखता येतो म्हणून! वाटेत फाइल कुणाच्या हाती लागली तर हॅशमुळे थोडा आडोसा मिळतो. पण ज्याच्याकडे तो ईमेल आधीच आहे, त्याच्यापासून काहीच लपत नाही.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २०२४ मध्ये हेच स्पष्ट शब्दांत मांडलं. त्याआधी २०२३ मध्ये बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर याच आयोगाने कारवाई केली. मानसिक आरोग्यासाठी मदत मागणाऱ्यांचे ईमेल हॅश करून जाहिरातीसाठी फेसबुककडे गेले होते, आणि ७८ लाख डॉलर भरायची पाळी कंपनीवर आली. जिथे नुसतं ग्राहक असणंच खासगी असतं, उदाहरणार्थ औषधं, समुपदेशन, कर्जमुक्तीचा सल्ला, तिथे माझा सल्ला एकच: हे करूच नका. बाकीच्यांनी फॉर्मजवळच साध्या भाषेत लिहावं की तुमचा ईमेल जाहिरातीचा परिणाम मोजण्यासाठी अमुक कंपनीला जाईल, आणि नकार देणाऱ्याची ओळ पाठवू नये. युरोपच्या जीडीपीआर कायद्यानुसारही अशी माहिती वैयक्तिकच समजली जाते.

प्रश्न : महिन्यापूर्वी सगळं बसवलं, पण जुळणी अगदीच कमी. डेव्हलपर म्हणतो कोड बरोबर आहे.

कोड बरोबर असेलही. हॅश करण्याआधी माहिती कशी होती ते बघा. ईमेलच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली किंवा पहिलं अक्षर कॅपिटल पडलं, की सगळीच्या सगळी ओळ बदलते. 'जवळपास सारखा' हॅश असा प्रकार नसतो. सगळं लहान लिपीत, मागच्यापुढच्या मोकळ्या जागा छाटून, आणि जीमेलच्या पत्त्यात @ च्या आधीचे टिंब काढून, मगच हॅश करा असं गूगल सांगतं. फोनला गूगलला अधिक चिन्ह आणि देशाचा कोड लागतो. मेटाला देशाचा कोड हवा पण अधिक चिन्ह नको. एकच फाइल दोघांना पाठवली की एकीकडे फोन जुळणार नाहीत, हे ठरलेलंच. पोस्टल कोड आणि देश गूगलला उघडे लागतात, मेटाला हॅश केलेले.

दोनदा हॅश होणं ही दुसरी नेहमीची चूक. सर्व्हरने एकदा हॅश केलं, टॅगने (पानावरच्या मोजणीच्या कोडने) त्या ओळीचं पुन्हा केलं. ओळ दिसायला झकास, ६४ अक्षरांची, पण जुळणार कशालाच नाही.

आणखी एक खूण सांगतो. फाइल हॅशच्या रकान्यावर क्रमाने लावा. एका ग्राहकाच्या फाइलमध्ये मला खालीवर तीच ती ओळ दिसली, 'ई३बी०सी४४२'ने सुरू होणारी, पानंच्या पानं. ती रिकाम्या रकान्याची हॅश असते. फॉर्ममध्ये ईमेल सक्तीचा नव्हता, आणि टॅग इमानेइतबारे रिकामी जागा हॅश करून पाठवत होता.

प्रश्न : विक्रीची माहिती ब्राउझरसोबत सर्व्हरवरूनही पाठवायला लागल्यापासून मेटावर विक्री दुप्पट दिसते!

एकच ऑर्डर ब्राउझर आणि सर्व्हर दोघांकडून मोजली जाते आहे. दोन्हीकडून जाणाऱ्या इव्हेंटचं (म्हणजे 'खरेदी झाली' अशा नोंदीचं) नाव आणि ओळखक्रमांक तंतोतंत एक ठेवा. गूगलसाठी ऑर्डर क्रमांक द्या. तोवर त्या आकड्यांवर बजेट वाढवू नका.

प्रश्न : मी दुकानदार नाही, ग्राहक आहे. मला यातून बाहेर कसं राहता येईल?

दर साइटला वेगळा टोपण ईमेल द्या. अ‍ॅपलची 'हाइड माय ईमेल' सोय नेमकं हेच करते. त्या पत्त्याची ओळ कशाशीच जुळत नाही. मात्र त्याच फॉर्ममध्ये खरा फोन नंबर भरलात तर जुळणी त्यावरून होऊ शकते, म्हणून सक्तीचा नसेल तर तो रकाना सोडा. संमतीच्या चौकटीत 'सर्व स्वीकारा'च्या शेजारी नकाराचं बटण बहुधा फिकट रंगात असतं. तेच शोधून दाबा.