दांडी बसवण्याआधी चासी समजून घ्या
तुम्ही गाडीच्या चासीला, म्हणजे सांगाड्याला, स्ट्रट ब्रेस (दोन बाजूंच्या सस्पेन्शनचे वरचे आधार जोडणारी पोलादी दांडी) आणि बॉडी डॅम्पर (बॉडीची थरथर शोषणारी दांडी) एकदमच बसवण्याच्या विचारात असाल, तर आग्रहाने सांगतो, की आधी टायर, सस्पेन्शनच्या सांध्यांतले बुश आणि व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन) तपासून घ्या, कारण भेगा पडलेल्या रबरी बुशमुळे आलेला सैलपणा कोणत्याही दांडीने भरून निघत नाही. ब्रेस दोन्ही स्ट्रट टॉवर, म्हणजे सस्पेन्शनचे वरचे आधार, एकमेकांना जखडतो, त्यामुळे वळणात त्यांच्यातील अंतर कमी बदलते आणि चाकांचा कोन टिकतो. मात्र पोलाद स्वतः स्प्रिंगसारखेच वागते, म्हणजे वाकताना साठवलेली ऊर्जा ते परत फेकते. यामाहाच्या परफॉर्मन्स डॅम्परचे वेगळेपण इथेच आहे: बॉडीच्या अतिसूक्ष्म हालचालींतली ऊर्जा तो उष्णतेत बदलतो. हा फरक मला वेगापेक्षा स्टीअरिंगच्या शांतपणात जाणवला आणि तो फार मोलाचा वाटतो. दोन्ही बदल एकाच दिवशी करू नका, नाहीतर कशामुळे काय सुधारले हे कळणार नाही. ब्रेसचे बोल्ट गाडी जॅकवर असताना न आवळता, चारही चाके सपाट जमिनीवर टेकलेली असताना, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने), उत्पादकाने दिलेल्या मापानुसारच आवळा. काही दिवसांनी ब्रॅकेटच्या कडेला रंग खरवडलेला दिसला, तर जोड सरकतो आहे असे समजून तो पुन्हा तपासा.