नुसती सॉरीची चिठ्ठी पुरेल का?

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. यंदा त्याच्या वर्गात एक मणिपुरी मुलगी आली. मुलं तिला ‘मोमो’ म्हणतात. ‘ही कुत्रं खाते’ असं कुणीतरी उठवलं आणि डब्याच्या सुट्टीत तिच्या बाकावर कुणी बसेना. त्यात आमचे चिरंजीवही होते. बाईंनी सगळ्यांकडून सॉरीची चिठ्ठी लिहून घेतली, पण हा घरी येऊन म्हणतो, ‘गंमत होती गं!’ याला समानता वगैरे शिकवायची कशी?
– एक आई, बाणेर

उत्तर : ‘समानता’ हा शब्द शिकवायला जाऊ नका, तो पाठ करून दाखवेल. रोज सकाळी प्रतिज्ञेत ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ म्हणतोच की, आणि मधल्या सुट्टीत डबा उचलून दुसऱ्या बाकावर जातो.

आधी माझंच सांगते. एकतीस वर्षं पेठेतल्या शाळेत शिकवलं. गॅदरिंगचं नाटक माझ्याकडे असायचं. सीता गोरी आणि शूर्पणखा काळी, हे इतकं ठरलेलं की कधी मनातही आलं नाही. खणखणीत आवाजाच्या एका सावळ्या मुलीला मी सलग तीन वर्षं राक्षसीण केलं. वर ‘तुला मेकअपसुद्धा लागत नाही बघ’ म्हणून हसले. सगळा वर्ग हसला, तीही हसली. गेल्या हिवाळ्यात ती मंडईत भेटली, मटारच्या ढिगापाशी. वाकून नमस्कार केला, गुडघ्यांची चौकशी केली आणि जाता जाता म्हणाली, ‘बाई, माझी लेक माझ्याच रंगावर गेलीय. तिला नाटकात नाही घालत मी.’ मटार न घेताच घरी आले. माझी तरी काय, गंमतच होती!

तेव्हा मुलाला बोलण्याआधी घरात कान द्या. ‘सून रंगानं उजवी आहे’ कोण म्हणतं? रात्रपाळीचा वॉचमन आसामचा असला तरी ‘तो नेपाळी’ कसा होतो? मुलं हे शाळेत शिकत नाहीत, शाळेत फक्त वापरतात. आणि खाण्याचंच म्हणाल तर, सुकट भाजली की सोसायटीत किती खिडक्या धाडधाड बंद होतात, ते एखाद्या कोकणी शेजारणीला विचारा.

एखाद्या रविवारी त्याला गंज पेठेतल्या फुले वाड्यात न्या. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, एवढंच सांगा. भाषण नको. ‘तोवर ते पाणी कुठून आणायचे?’ असं तो आपणहून विचारेल. त्याचं खरं उत्तर द्या, गोड करून नको. डब्याचं नाव तुम्ही काढू नका. त्याचं त्याला सुचलं तर उत्तम, नाही सुचलं तर महिन्याभराने पुन्हा बघू.

त्या मुलीला मात्र वर्गापुढे उभं करून ‘तुमच्याकडचा नाच दाखव’ म्हणायला लावू नका. हौशी बाई हे हमखास करतात, मीही केलं असतं. मेरी कोमच्या पदकाला टाळ्या वाजवणं सोपं असतं; शेजारच्या बाकावरच्या मुलीचं नाव नीट उच्चारणं आपल्याला जड जातं. तिचं नाव काय, हे तुमच्याही पत्रात नाही.

ते विचारून घ्या. मग तिच्या आईला फोन करा, मुलाला शेजारी बसवून. त्याच्याकडून माफी वदवू नका. तुमच्या तोंडून ती ऐकली तरी पुष्कळ झालं. आणि शनिवारी दोघींना घरी बोलवा. काय खातात, तेही फोनवरच विचारा.