वाचकांचे प्रश्न : जहाजावरचा कंपनीचा बावटा

प्रश्न : किनाऱ्यावरून दुर्बिणीने मुंबई बंदराकडे जाणारी जहाजं पाहतो. एकेका जहाजावर तीन-चार बावटे असतात. त्यातला मालक कंपनीचा कोणता? (अलिबाग)

उत्तर : रंगाआधी जागा बघा. जहाजाच्या अगदी मागच्या काठीवर असतो तो नोंदणीच्या देशाचा. भारतीय व्यापारी जहाज असेल तर तिथे लाल निशाण आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा दिसेल. डोलकाठीच्या आडव्या दांडीवर, जहाजाच्या नाकाकडे तोंड केल्यावर उजव्या हाताला येणाऱ्या टोकाला, यजमान देशाचा झेंडा लावायची रीत आहे. म्हणून परदेशी जहाजावर तिथे आपला तिरंगा दिसतो. कंपनीचा बावटा, खलाशांच्या बोलीत हाउस फ्लॅग, पूर्वी मुख्य डोलकाठीच्या शेंड्यावर चढायचा. आता शेंड्यावर रडार आणि अँटेना असतात, त्यामुळे तो बहुधा डाव्या टोकाला दिसतो.

घोळ होतो तो संकेताच्या बावट्यांमुळे. उभा अर्धा पांढरा, अर्धा लाल म्हणजे पायलट, म्हणजे बंदरातला वाटाड्या, जहाजावर आहे. नुसता पिवळा म्हणजे आरोग्य खात्याची परवानगी हवी आहे. निळ्यात पांढरा चौकोन म्हणजे जहाज सुटायच्या तयारीत आहे. टोकाला खाच असलेला तांबडा म्हणजे धोकादायक माल. तेलाच्या टँकरवर तो नेहमी दिसतो. यातला एकही कंपनीचा नाही.

देशाचं निशाण दाखवणं कायद्याने भाग असतं, कंपनीचं नाही. कंपनीचा बावटा भर समुद्रात तर लावतच नाहीत, वाऱ्याने चिंध्या होतात. बंदरात शिरताना, निघताना आणि धक्क्याला असताना सकाळी आठ ते सूर्यास्त, हीच तो दिसण्याची वेळ.

प्रश्न : न्हावा शेव्याला येणाऱ्या कंटेनर जहाजाच्या अंगावर कंपनीचं नाव घराएवढ्या अक्षरांत असतं. मग बावटा कशाला बघायचा? (उरण)

उत्तर : त्या अक्षरांवरून मालक ठरवू नका. बरीच कंटेनर जहाजं भाड्याने चालवलेली असतात आणि अंगावर नाव असतं चालवणाऱ्या कंपनीचं. पक्की ओळख हवी असेल तर आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, टिपा. तो सात आकडी असतो, मागच्या बाजूला किंवा कुशीवर किमान 20 सेंटिमीटर उंचीच्या आकड्यांत कोरलेला असतो, आणि जहाज विकलं, नाव बदललं, देश बदलला तरी बदलत नाही. आकडा नीट वाचला का, याचा ताळाही घेता येतो. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे सातवा आकडा. 9074729 घ्या : 63 + 0 + 35 + 16 + 21 + 4 = 139, शेवटी 9. जुळलं. हा क्रमांक ‘इक्वासिस’ या मोफत नोंदवहीत घातला की नोंदणीकृत मालक आणि व्यवस्थापक कंपनी वेगवेगळ्या ओळींत मिळतात. मालक म्हणून कधी न ऐकलेलं नाव निघालं तर दचकू नका. एका जहाजापुरती एक कंपनी काढण्याची पद्धत या धंद्यात सर्रास आहे.

प्रश्न : पणजोबा पहिल्या महायुद्धाआधी मुंबईहून आगबोटीने मोंबासाला गेले. घरी बोटीचा कृष्णधवल फोटो आहे, बावटा दिसतो, पण नाव वाचता येत नाही. कंपनी कशी ओळखावी? (डोंबिवली)

उत्तर : त्या काळच्या फोटोत रंग फसवतात. तेव्हा फोटो ज्यांवर घेत त्या काचपट्ट्यांना लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नसे आणि निळा फार दिसे. म्हणून लाल काळपट उतरतो, निळा फिका पडून पांढऱ्यात मिसळतो, पिवळाही बऱ्याचदा गडद येतो. पी अँड ओ या ब्रिटिश आगबोट कंपनीचा बावटा घ्या. तो तिरक्या रेघांनी चार भागांत कापलेला : वर पांढरा, डोलकाठीकडे निळा, मोकळ्या बाजूला लाल, खाली पिवळा. निळा-पांढरा पोर्तुगालच्या तेव्हाच्या झेंड्यातला, लाल-पिवळा स्पेनचा. कंपनीचा धंदा 1837 मध्ये त्या दोन देशांच्या टपालावर उभा राहिला. फोटोत मात्र हा चौरंगी बावटा अर्धा उजळ, अर्धा काळा एवढाच दिसेल.

मोंबासाचा प्रवास असेल तर आधी ब्रिटिश इंडिया ही आगबोट कंपनी, म्हणजे बी.आय., तपासा. तिचा बावटा पांढरा, टोकाला खाच, त्यावर लाल तिरकी फुली. फोटोत पांढऱ्यावर काळी फुली. तरी निकाल द्यायचा तो धुरांड्यावरून. बावटा गुंडाळलेला असू शकतो, वारा पडलेला असू शकतो, धुरांडं हलत नाही. काळ्या धुरांड्यावर दोन पांढरे पट्टे असतील तर बी.आय. धरायला हरकत नाही. 1914 मध्ये बी.आय. पी अँड ओच्या गटात गेली, पण बावटा आणि धुरांडं आपलंच ठेवलं, त्यामुळे ही खूण नंतरच्या फोटोंनाही चालते.

एकाच काठीवर दोन कंपन्यांचे बावटेही सापडतात. 1934 मध्ये क्युनार्ड आणि व्हाइट स्टार या ब्रिटिश कंपन्या एक झाल्या, तेव्हा क्युनार्डच्या जुन्या जहाजांवर क्युनार्डचा सिंह वर आणि व्हाइट स्टारचा तारा खाली असे. व्हाइट स्टारच्या जहाजांवर उलट. खाच असलेल्या तांबड्या बावट्यातला तो पांढरा तारा फोटोत पुसट असेल, तर धोकादायक मालाचा बावटा समजून बसाल. भिंग घेऊन बघा.

प्रश्न : आमच्या निवृत्त खलाशांच्या मंडळासाठी जुन्या कंपनीचा बावटा शिवून घ्यायचा आहे. शिंप्याला काय सांगावं? (रत्नागिरी)

उत्तर : रुंदी-लांबीचं माप 2 : 3 ठेवा. गच्चीवरच्या काठीला 2 × 3 फूट पुरे. पूर्वी कापड 9 इंची पट्ट्यांत यायचं आणि बावट्याचं माप पट्ट्यांत सांगत. चार पट्ट्यांचा म्हणजे 36 इंच. तेव्हा लोकरीचं कापड असे. आता विणलेलं पॉलिएस्टर घ्या, चौरस मीटरला दीडशे ग्रॅमच्या आसपासचं. सुती नको : भिजून आटतं आणि शिवण चुणते. सॅटिन वाऱ्यात फडकत नाही, काठीला चिकटतं.

तारा किंवा अक्षर छापू नका, जोडकाम करा. तुकडा एका बाजूने शिवायचा, मग उलट बाजूने त्याच्या मागचं कापड शिवणीपासून दोन-तीन मिलिमीटर सोडून कापून टाकायचं. दोन्हीकडून सारखं दिसतं. टोकं मोजून सांगा. मर्स्क या जहाज कंपनीचा तारा सात टोकांचा आहे आणि शिंपी सवयीने पाच काढतो.

बावटा फाटतो तो मोकळ्या कडेला, चाबकासारखा आपटून. तिथे कड दुमडून चार ओळी शिलाई घाला, कोपऱ्यांना आतून तिकोनी ठिगळ द्या. डोलकाठीकडच्या कडेला जाड पट्टीची नळी करून त्यातून पॉलिएस्टरची दोरी ओवा आणि वर-खाली टाका मारून पक्की करा, नाहीतर बावटा दोरीवरून घसरून खाली गोळा होतो. दोरीच्या वरच्या टोकाला लाकडी खुंटी आणि खालच्या टोकाला फास ठेवा. खुंटी ओढायच्या दोरीच्या डोळ्यात आडवी अडकते. गाठ लागत नाही आणि ओल्या हातानेही सुटते.