फायलीचा शेवटही दाखव

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

आपल्या खात्यातल्या नव्या बॅचला जीएसटीचं लेखापरीक्षण शिकवायचं काम तुझ्याकडे आल्याचं परवा फोनवर सांगितलंस आणि दोन आठवड्यांच्या वेळापत्रकात काय काय घालू, असंही विचारलंस. घाईत मला नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

कलमांची चिंता करू नकोस. एमपीएससीतून आलेली मुलं आहेत, लेखापरीक्षणाचं कलम ६५ ती एका दुपारी पाठ करतील. समोरचा माणूस नेमका काय धंदा करतो, हे बघायला मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. मलाही शिकवलं नव्हतं.

जीएसटीच्या आधीच्या व्हॅटची सुरुवातीची वर्षं होती. विदर्भातल्या एका जिनिंग-प्रेसिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याची, फाइल माझ्याकडे आली. मी विजेची बिलं मागवली. दुसऱ्या एका जिनिंगमध्ये एका गाठीला किती युनिटं लागतात ते काढलं आणि तेच प्रमाण इथे लावलं. वह्यांत दाखवलेल्यापेक्षा कितीतरी जास्त गाठी निघाल्या. लपवलेलं उत्पादन म्हणून कर, व्याज, दंड सगळं लावलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली. त्या जिनिंगमध्ये मी पाऊलही ठेवलं नव्हतं.

अपिलात तो आदेश रद्द झाला. तिथे इतर व्यापाऱ्यांचा कापूसही मजुरीवर जिनिंग करून, गाठी बांधून दिला जायचा आणि मीटर एकच होतं. मजुरीचं रजिस्टर मुनिमाच्या टेबलावरच होतं, मी ते मागितलंच नव्हतं. हे मला कळलं दोन वर्षांनी, तेही एका लग्नात जेवणाच्या पंगतीत, त्यांच्या करसल्लागाराकडून. ऐन हंगामात त्या मालकाने अपिलासाठी किती खेटे घातले तेही त्यांनी सांगितलं, अगदी शांतपणे. मधल्या दोन वर्षांत तोच हिशेब मी आणखी किती फायलींना लावला, हे आठवलं की आजही जिवाला लागतं.

म्हणून पहिल्याच आठवड्यात एक अख्खा दिवस मुलांना कारखान्यात घेऊन जा. तुझ्या भागात जिनिंग आहेतच. एक क्विंटल कापूस डोळ्यांसमोर तोलून घ्यायला लाव. साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी आणि थोडी घट. बांधलेली गाठ साधारण १७० किलोची. एवढं एकदा हाताखालून गेलं की त्यांना प्रश्न आपोआप पडतील. रुई विकली, मग सरकी कुठे गेली? १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा कर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी खरेदीदाराने, भरायचा असतो, तो भरला का? कापूस शेतकऱ्याचा किती आणि व्यापाऱ्याचा किती? मग काट्याच्या पावत्या आणि बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या ती स्वतःच मागतील. वर्गात तू कितीही स्लाइड दाखव, हे तिथे येणार नाही.

आजची मुलं संगणकावर तरबेज आहेत, त्यातच एक धोका आहे. ३बी (व्यापाऱ्याने स्वतः भरलेलं विवरणपत्र) आणि २ए (पुरवठादारांच्या विवरणपत्रांतून आपोआप तयार होणारी खरेदीची यादी) यांत फरक दिसला की चोरी सापडली असं त्यांना वाटतं आणि तो आकडा जसाच्या तसा नोटिशीत जातो. २बी, म्हणजे दर महिन्याची न बदलणारी तशीच यादी, तर ऑगस्ट २०२० पासून आली. त्याआधीच्या, विशेषतः २०१७-१८ च्या धांदलीत पुरवठादारांनी खरेदीदारांचे जीएसटी नोंदणी क्रमांक (जीएसटीआयएन) चुकवले, बी२बीची (नोंदणीकृत व्यापाऱ्यांची) बिलं बी२सीत (साध्या ग्राहकांच्या यादीत) टाकली. म्हणून तर असे फरक कसे तपासायचे ते सांगणारं २७ डिसेंबर २०२२ चं परिपत्रक १८३ काढावं लागलं. एका पुरवठादाराचा वर्षाचा फरक ५ लाखांपर्यंत असेल तर त्याचं स्वतःचं प्रमाणपत्र, त्यावर असेल तर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचं. ते परिपत्रक मुलांकडून एका जुन्या फाइलवर प्रत्यक्ष लावून घे.

एडीटी-०१, म्हणजे लेखापरीक्षणाची नोटीस, दिल्यापासून किमान १५ कामाचे दिवस मिळतात, ते नुसते वाट बघण्यात घालवू देऊ नकोस. ताळेबंद, नफा-तोटा, आधीच्या वर्षाचं प्रमाण, सगळं आधी टेबलावर वाचून होऊ दे. कामकाज सुरू झालं की तीन महिन्यांचं घड्याळ चालू होतं. आयुक्तांकडून मुदतवाढ मिळते, पण तिच्या भरवशावर राहायची सवय लागायला नको.

नवा अधिकारी प्रत्येक मुद्दा नोटिशीत का टाकतो, माहीत आहे ना? भीतीने. मुद्दा सोडला आणि उद्या एजीचा (महालेखापालांचा) पॅरा, म्हणजे आक्षेप, आला तर? या भीतीवर रागावून उपयोग नाही. सोडलेला मुद्दा वर्किंग पेपरवर लिहायला शिकव: काय तपासलं, कोणता कागद पाहिला, का समाधान झालं, सही आणि तारीख. असा कागद फाइलीत असला की पाच वर्षांनीही उत्तर देता येतं आणि निर्दोष व्यापाऱ्याला उगाच नोटीस जात नाही.

एका अनुभवी अधिकाऱ्यामागे दोनच मुलं दे, चार नकोत. आणि त्यांच्या पहिल्या तीन फायलींची वसुली त्यांच्या नावावर मोजू नये, अशी वर लेखी मागणी कर. कदाचित नकार येईल. तरी कर.

आणखी एक गोष्ट करच. आदेश अपिलात टिकला की पडला, हे तो मुद्दा ज्याने काढला त्याला आपल्याकडे सहसा कळत नाही. तोवर बदली झालेली असते, निकाल तिसऱ्याच टेबलावर जातो. तुझ्या कार्यालयात तरी निकालाची एक प्रत त्या अधिकाऱ्याला, तो असेल तिथे, पाठवायची पद्धत पाड. यासाठी कुणाची मंजुरी लागत नाही. एक रजिस्टर आणि एक जबाबदार क्लार्क पुरे.

माझ्या कपाटात मीच दिलेल्या आणि अपिलात रद्द झालेल्या अकरा आदेशांच्या प्रती आहेत. नावं, नंबर झाकून त्यांचा गठ्ठा बांधतेय, सोमवारी शिपायाबरोबर पाठवते. सगळ्यात वर त्या जिनिंगचा ठेवलाय. शिकवायला सुरुवात त्यापासून कर, आणि तो कुणाचा आहे ते मुलांना सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
मॅडम