एएफएल फँटसी: सीझनच्या आधी वेस्टर्न बुलडॉग्समधले किती आणि कोणते खेळाडू घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की मेलबर्नला येऊन वर्ष होत आलंय, ऑफिसच्या फूटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे एएफएल) फँटसी लीगमध्ये पहिल्यांदाच उतरताय, घर फुट्सक्रेच्या बाजूला म्हणून बुलडॉग्सचे सपोर्टर झालात आणि आता त्यांच्यातले किती नि कोण घ्यावेत ते कळत नाहीये. मी पण वेस्टातलाच आणि बुलडॉग्सचाच, त्यामुळे मनापासून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, तुमची लीग एएफएल फँटसीची आहे की सुपरकोचची ते ऑफिसात विचारून घ्या, कारण दोन्हीकडे पॉइंट्स वेगळे पडतात. मी फँटसी धरून चालतो. किकला ३, हँडबॉलला (मुठीने मारलेला पास) २, मार्कला (किकचा चेंडू हवेत झेलणं) ३, टॅकलला ४, हिटआउटला (उडवलेला चेंडू आपल्या माणसाकडे टोलवणं) १, गोलला ६, बिहाइंडला (गोलच्या बाजूने गेलेला चेंडू) १, फ्री किक मिळाली की १, आणि तुमच्या माणसाच्या चुकीने समोरच्याला फ्री किक गेली की उणे ३. बास, एवढंच. चेंडू चार जणांच्या गर्दीतून ओढून काढला की मोकळ्या मैदानात आरामात मिळाला, याने काही फरक पडत नाही. क्लिअरन्सला (थांबलेल्या खेळातून चेंडू बाहेर काढणं) तर शून्य. सुपरकोचमध्ये मात्र अवघड चेंडू मिळवणाऱ्याला जास्त भाव आहे.

म्हणून टीव्हीवर भारी दिसणारा आणि फँटसीत भारी असणारा हे दोन वेगळे खेळाडू असू शकतात. हाफ-बॅकला (डिफेन्सच्या पुढच्या ओळीत) खेळणाऱ्या बेली डेलकडे नीट बघा. मागच्या मागे डिफेंडर एकमेकांना छोटी किक मारत असतात तेव्हा त्याने एक मार्क पकडला आणि पुढे किक मारली की झाले ६. असं दोनदा केलं की १२, आणि फॉरवर्डने जीव तोडून मारलेला गोल म्हणजे किकचे ३ नि गोलचे ६ मिळून ९. त्यात समोरच्या टीमचा बिहाइंड झाला की गोलसमोरच्या चौकोनातून (गोल स्क्वेअर) जो किक-इन घेतो, तो स्क्वेअरच्या बाहेर पळत येऊन किक मारतो तेव्हा ती त्याच्या नावावर किक म्हणून लागते, तिथूनच मारली तर नाही. त्यामुळे किक-इन कोण घेतंय आणि बाहेर पळत येऊन घेतंय का, हे सराव सामन्यात मी सगळ्यात आधी बघतो. डेल तर २०२१ चा ऑल-ऑस्ट्रेलियन (सीझनच्या सर्वोत्तम टीममध्ये निवडलेला) आहे, डिफेन्समध्ये त्याचा विचार केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक खेळाडूची किंमत ठरते ती ढोबळमानाने त्याच्या मागच्या सीझनच्या ॲव्हरेजवरून. म्हणजे त्याने गेल्या वर्षी जो रोल केला त्याचे पैसे तुमच्याकडून घेतले जातात, आणि पॉइंट्स मात्र या वर्षीच्या रोलचे मिळणार. बाकी टीम्समध्ये यात फार उलथापालथ होत नाही, पण आपला कोच ल्यूक बेव्हरिज आहे आणि त्याला माणसं इकडून तिकडे हलवायची भारी सवय. एड रिचर्ड्सचंच बघा, हाफ-बॅकला खेळणारा पोरगा, त्याला मिडफिल्डमध्ये आणला आणि २०२५ मध्ये तो टीमच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूंपैकी एक झाला, ज्यांनी जुन्या किमतीला घेतला त्यांची चांदी झाली. उलट जॅक मॅक्रे, वर्षानुवर्षं चेंडू गोळा करणारं मशीन, २०२४ मध्ये त्याला सब (नंतर उतरवायचा राखीव) म्हणून बसवला, व्हीएफएलमध्ये (खालची लीग) पण पाठवला. मग तो सेंट किल्डाला गेला आणि परत भरपूर चेंडू मिळायला लागले. कॅलेब डॅनियल नॉर्थ मेलबर्नला आणि बेली स्मिथ जीलाँगला गेला तोही त्याच वेळी, २०२४ च्या शेवटी. स्मिथ गुडघ्यामुळे २०२४ चा अख्खा सीझन बाहेर होता म्हणून स्वस्तात मिळत होता, आणि जीलाँगमध्ये त्याने काय धुमाकूळ घातला ते सगळ्यांनी पाहिलं. मला तर वाटतं बुलडॉग्सच्या चाहत्याने आपल्या टीमइतकंच आपल्याकडून गेलेल्या खेळाडूंवर लक्ष ठेवावं, त्यांना आपण वर्षानुवर्षं बघितलेलं असतं.

मिडफिल्डचं गणित सोपं आहे पण लोक करत नाहीत. सेंटर बाउन्सला (मैदानाच्या मध्यात अंपायर चेंडू टाकून खेळ सुरू करतो तेव्हा; २०२५ पर्यंत चेंडू आपटायचे, आता वर फेकतात) मधल्या चौकोनात एका टीमचे चारच जण उभे राहतात, त्यातला एक रक, म्हणजे तो चेंडू टोलवणारा उंच खेळाडू, आपला टिम इंग्लिश. उरल्या तीन जागा. त्यासाठी २०२५ मध्ये बोन्टेम्पेली, लिबरटोरे, रिचर्ड्स, केनेडी, शिवाय फ्रेया, सँडर्स ही तरुण पोरं आणि फिट असला तर ट्रेलोर. एवढ्या जणांत तीन खुर्च्या! म्हणून सराव सामन्यानंतर सेंटर बाउन्स अटेंडन्सचे (कोण किती वेळा तिथे उभा होता) आकडे येतात ते शोधा, ज्याला गेल्या वर्षापेक्षा चांगल्या जास्त बाउन्स मिळतायत आणि किंमत अजून जुनीच आहे, तो तुमचा माणूस. आणि सराव सामन्यातला स्कोअर किती झाला याला फार महत्त्व देऊ नका, तो कुठे उभा होता ते बघा.

बोन्टबद्दल, म्हणजे बोन्टेम्पेलीबद्दल, थेट सांगतो. कॅप्टन आहे, माझ्या मते बुलडॉग्सच्या जर्सीत खेळलेला सगळ्यात मोठा खेळाडू आहे, पण फँटसीत तो नेहमी पूर्ण किमतीला मिळतो, मग त्याने वरून नफा द्यायचा कुठून? पहिल्या राउंडला तो घेतलाच पाहिजे असं नाही, दुखापतीनंतर दोन-तीन सामने कमी स्कोअर झाला की किंमत पडते, तेव्हा घ्या. ट्रेलोरचं उलटं आहे, २०२४ ला ऑल-ऑस्ट्रेलियन आणि २०२५ चा बहुतेक सीझन पोटरीच्या दुखापतीत गेला. असा खेळाडू सूट मिळून स्वस्त दिसतो आणि मोह होतो, पण प्री-सीझनमध्ये तो पूर्ण वेगाने, पूर्ण सेशन पळतोय असं कळल्याशिवाय हात लावू नका. पोटरी परत परत धरते. व्हिटन ओव्हलवर (क्लबच्या मैदानावर) काही प्रॅक्टिस लोकांना बघता येतात, तुम्हाला जवळच आहे, एखाद्या सकाळी जाऊनच या ना.

इंग्लिश घ्यायचा का? रकमध्ये मैदानावर दोनच जागा असतात म्हणून तिथे चुकीचा माणूस महागात पडतो. तो २०२३ चा ऑल-ऑस्ट्रेलियन, नुसता हिटआउटवर जगत नाही, मैदानभर पळून मार्क घेतो, म्हणून मला आवडतो. पण दुसरा रक बरोबर खेळतोय का ते तपासा, वाटणी झाली की पॉइंट्स पण वाटले जातात.

किती घ्यावेत तर माझं म्हणणं जास्तीत जास्त चार. टीम ३० जणांची, त्यातल्या २२ जणांचे पॉइंट्स मोजतात, आणि बुलडॉग्सचा बाय (सामना नसलेला आठवडा) आला की ते सगळे एकाच आठवड्यात घरी. आयपीएलच्या फँटसीत एकाच टीमचे भरपूर जण भरायची सवय असते ती इथे सोडा. मी आज भरायला बसलो तर डेल नक्की, रिचर्ड्स किंवा फ्रेया यांच्यापैकी ज्याच्या बाउन्स वाढतील तो एक, इंग्लिश विचार करून, आणि चौथा एखादा स्वस्तातला रुकी (नवखा खेळाडू).

रुकीचं नाव मात्र आत्ता पक्कं करू नका. स्वस्त पोरगा खेळलाच नाही तर त्याची किंमत वाढत नाही आणि तुमचे पैसे बेंचवर कुजतात. सामन्याच्या आधी टीम जाहीर होते, तेव्हा तो टीममध्ये आहे का ते बघा. लॉकआउट (त्यानंतर बदल करता येत नाही) प्रत्येक सामन्याप्रमाणे वेगवेगळा लागतो, त्यामुळे बुलडॉग्सचा सामना सुरू होईपर्यंत त्या जागेवर नाव बदलता येतं.